तेल महाग, सोयाबीन स्वस्त, मग मधला पैसा जातो कुठे?

रामबागची_सून
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. मी इंदूरला रामबागेत असते, घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, चकली शेव चिवडा वगैरे, दिवाळीला सोयाबीन तेलाचे आठ-दहा डबे सहज लागतात. आणि माझ्या दादाची शेती हाटपिपल्याकडे आहे, बारा बिघे सोयाबीन. म्हणजे मी तेल घेणारी आणि तो सोयाबीन विकणारा.
२०२४ च्या सप्टेंबरात सरकारने बाहेरच्या तेलावर ड्युटी वाढवली तेव्हा सगळे म्हणत होते की आता शेतकऱ्याला भाव मिळेल. मला वाटलं जाऊ दे, डबा महागला तर महागला, दादाच्या खिशात जातील ते पैसे. डबा तर चार दिवसात महागला, सियागंजात जुन्याच मालाला नवा भाव. आणि दादाचं सोयाबीन त्या वर्षी क्विंटलला बेचाळीसशेला गेलं, हमीभाव होता ४८९२. २०२५ ला हमीभाव ५३२८ केला, पण त्याच्या ढिगापुढे बोली चार हजाराच्या वर गेलीच नाही. वहिनी फोनवर रडत होती, बियाणं-फवारणीची उधारी अजून तशीच आहे. मी किलोमागे पंचवीस-तीस रुपये जास्त देतेय ते मिळतात कोणाला, कोणी नीट समजावून सांगेल का?

छावणीवाले_काका
ताई, मी तीस वर्षं सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याच्या, खरेदीत होतो, छावणीच्या मंडीत रोजचं जाणं, तर सांगतो. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो पण त्यात तेल असतं जेमतेम १८ टक्के. क्विंटलभर दाणा गाळला की १८ किलो तेल आणि साधारण ८१ किलो डीओसी, म्हणजे पेंड. ती जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि बाहेरच्या देशात. प्लांटवाला भाव काढताना दोन्ही जोडतो, त्यातून गाळायचा खर्च, वाहतूक आणि स्वतःचं मार्जिन काढतो, उरेल तो तुमच्या दादाचा भाव.
आता हिशेब बघा. समजा तेल ९५ रुपये किलो आणि डीओसी ४५. तेलाचे १७१०, पेंडीचे ३६४५, मिळून ५३५५. आता तेल १२० केलं आणि डीओसी ३२ वर आली तर तेलाचे २१६०, पेंडीचे २५९२, मिळून ४७५२. तेलाने ४५० रुपये वाढवले आणि पेंडीने हजाराच्या वर ओढून नेले. ड्युटी लावली तेलावर आणि पडली पेंड, म्हणून तुमचा डबा चढला तरी दादाचा ढीग उतरला.
पेंड का पडली? एक तर ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक बंपर, त्यांची पेंड जगभर स्वस्त, आपली महाग पडली की बाहेरचं गिऱ्हाईक तिकडे जातं. दुसरं आपल्याच घरातलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला मका आणि तांदूळ वापरतात ना, त्याचा जो सुका चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात. पोल्ट्रीवाल्यांना तो सोयापेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. पेट्रोलसाठी केलेलं धोरण माळव्यातल्या सोयाबीनवर असं येऊन आदळलं. मक्यावाल्याचं मात्र त्यात भलं झालं, हे पण खरं.

पलासियाकर
काकांनी हिशेब छान मांडला, पण मग ड्युटी काढूनच टाका ना. शेतकऱ्याला मिळत नाहीये आणि गरीब माणूस तेल महाग घेतोय. आमच्या कामवाल्या मावशी आता पाव-पाव लिटर सुट्टं तेल आणतात, महिन्याचा एकदम भरणाच बंद केलाय. देशात लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं, ते महाग केलं की सगळ्यात आधी त्यांच्या कढईला बसतं. आणि ड्युटीचा पैसा सरळ केंद्राच्या तिजोरीत. ताई, तुमच्या पंचवीस रुपयांतला मोठा वाटा तिथे गेला असं मला वाटतं.

माजी_मास्तर_ग्वाल्हेर
पलासियाकर, ड्युटी खाली आणायचा प्रयोग एकदा होऊन गेलाय हो. १९८६ ला तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं आणि १९९३-९४ पर्यंत आपण तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो, आयात अगदी नगण्य. १९९४ ला पामतेलाची आयात खुली केली, तेव्हा ड्युटी ६५ टक्के होती, १९९८ पर्यंत ती १५ वर आणली. मग इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल असं शिरलं की करडई, तीळ, भुईमूग पेरणारे मागे पडत गेले. आणि हे काही कोणी जबरदस्तीने करायला लावलं नव्हतं. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत ड्युटी लावायची मुभा आपण राखून ठेवली होती. सोयातेलाला मात्र ४५ चीच मर्यादा घातलीय, त्यामुळे तिथे हात बांधलेलेच.
आपल्याकडे ड्युटी शहरातली महागाई बघून हलते, शेतकऱ्याच्या पेरणीचं वेळापत्रक कोणी बघत नाही, माझा राग या गोष्टीचा आहे. २०२१ ला सोयाबीन दहा हजाराला गेलं होतं, आठवतं? लगेच १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, पेंड आयात करायला परवानगी दिली, डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. भाव वर गेला की सरकार आठवड्यात जागं होतं, आणि पडला की शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर यावं लागतं.

छावणीवाले_काका
मास्तर, अगदी बरोबर. पलासियाकर, तुमचं पण चूक नाही, पण सगळं तिजोरीत गेलं असं नाही. काही पैसा तर देशाबाहेरच गेला. इंडोनेशिया त्यांचं पामतेल डिझेलमध्ये मिसळतो, २०२५ ला ते प्रमाण ४० टक्के केलं. ते तेल बाजारात यायचं थांबलं की जगभर भाव चढतो. तसंच नेपाळ. तिथून करारामुळे तेल बिनड्युटी येतं, नेपाळ कच्चं, म्हणजे रिफाईन न केलेलं खाद्यतेल बाहेरून आणतो, रिफाईन करतो आणि आपल्याकडे पाठवतो. इकडे ड्युटी वाढली आणि तिकडून येणारं सोयातेल एकदम वाढलं. मधला फायदा तिथल्या रिफायनरीवाल्याला.
मग ३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलाची ड्युटी सेससकट २७.५ वरून १६.५ वर आणली, रिफाईंड मात्र ३५.७५ वरच ठेवलं. आधी दोघांत सव्वाआठ टक्क्यांचं अंतर होतं, ते सव्वाएकोणीस झालं. बंदरावर कच्चं तेल उतरवून रिफाईन करणाऱ्यांना त्याने मोठा आधार मिळाला, तिथे नोकऱ्या टिकतात म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही, पण दादाला त्यातून काय मिळालं तर काही नाही.
ताई, दादांनी मध्य प्रदेश सरकारच्या भावांतर योजनेत नाव नोंदवलंय का? त्यात फरक मिळतो तो हमीभाव आणि सरकारने काढलेल्या मॉडेल रेटमधला, म्हणजे मंड्यांतल्या सरासरी भावामधला. स्वतःचा माल ओलाव्यामुळे त्याहून खाली गेला असेल तर तेवढा तोटा त्यांचाच.

रामबागची_सून
काका, मास्तर, पलासियाकर, मनापासून आभार. कागदावर लिहून घेतलं आणि दादाला फोनवर वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्पच होता, मग म्हणाला पेंडीचं तर आजपर्यंत आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आम्ही टीव्हीवर तेलाचाच भाव बघत बसलो. नाव नोंदवलंय त्याने, पण माल ३९०० ला गेला, ओलावा जास्त म्हणून.
पुढच्या पावसाळ्यात तो पाच बिघे मका टाकायचं म्हणतोय. मला भीती वाटते की सगळेच मका टाकतील. काका, डीडीजीएस असाच वाढत राहिला तर मक्याचा भाव तरी टिकेल का? त्याला बियाणं उचलायच्या आधी ठरवायचंय.