लेकराला गालफुगी, 22 तारखेला घरात लग्न – मदत हवी आहे

धागाकर्ती (औसेकर_सून):
मंडळी, एरवी मी नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आमचं गाव औसा तालुक्यात, घर एकत्र. माझ्या सात वर्षांच्या मुलाचा डावा गाल काल, सोमवारी 5 तारखेला सकाळी सुजला. आदल्या रात्री ताप होता, मला वाटलं थंडीनं असेल. आता कानाखाली टम्म फुगलंय, घास चावता येईना. सासूबाई म्हणतात गालफुगी.

खरी काळजी वेगळीच आहे. धाकट्या दिरांचं लग्न पौष संपला की लगेच, 22 तारखेला आहे. मुलगा त्यांच्याच अंथरुणात झोपतो. थोरल्या जाऊबाईंना चौथा महिना चालू आहे. शेजारचे म्हणायलेत, मोठ्या पुरुषाला ही झाली की मूलबाळ होत नाही. घरात सगळे घाबरलेत.

आणखी एक कळंना. मुलाला सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या लशी वेळेवर दिल्यात, कार्डावर गोवर-रुबेलाचे दोन्ही शिक्के आहेत. मग हे कामून झालं? कुणाला लागू नये म्हणून आता काय करायचं?

मांजराकाठचा:
ताई, आधी डॉक्टरांना दाखवा. दाढ किडली किंवा गळ्यात गाठ आली तरी असंच दिसतं. गालफुगीची सूज कानाच्या पुढं नि खाली येते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. अन् येळवसेला (वेळा अमावस्येला) कुणी आजारी लेकरू आलं होतं का शेतात?

औसेकर_सून:
दादा, आजारी कुणीच नव्हतं. नणंदेचा मुलगा पुण्याहून आला होता, तो तर दिवसभर हुंदडत होता. 19 तारखेला येळवस झाली आणि 21 ला पुण्यात त्याचा गाल सुजला, हे आम्हाला मागाहून कळलं. सगळी लेकरं एकाच गडव्यानं आंबील प्यायली होती.

निवृत्त_सिस्टर:
बाई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गडव्यात आहे. मी 31 वर्षं लसीकरणाचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा विषाणूचा आजार. विषाणू लाळेत आणि नाका-घशातल्या स्रावात असतो. खोकताना, शिंकताना, अगदी जवळून बोलताना उडणाऱ्या थेंबांतून तो पसरतो, उष्ट्या भांड्यातूनही पसरतो. गाल सुजायच्या दोन दिवस आधीपासून सुजल्यावर पाच दिवसांपर्यंत त्याचा जोर असतो. पुण्याचा पोरगा येळवसेला हुंदडत होता तेव्हाच तो आजार पसरवत होता. काहींना तर सूज येतच नाही, तरी त्यांच्याकडून लागण होते. म्हणून "सुजलेल्याला बाजूला करू" एवढ्यानं भागत नाही, तारखा मोजाव्या लागतात.

लागण झाल्यापासून सूज यायला 12 ते 25 दिवस लागतात, बहुतेकांना 16 ते 18. 19 डिसेंबर ते 5 जानेवारी, 17 दिवस झाले, बरोबर बसतं. आता पुढचं. तुझा मुलगा 3 तारखेपासून संसर्गजन्य धरायचा. त्या दिवशी दिराला लागण झाली असेल तर त्याचा गाल 15 ते 28 च्या दरम्यान कधीही सुजेल, आणि सगळ्यात जास्त शक्यता 19 ते 21 ची. म्हणजे ऐन हळदीत. घाबरवत नाही, पण मुलीकडच्यांना आजच सांगून ठेवा.

मुलाला 10 तारखेपर्यंत शाळेत पाठवू नकोस, वर्गशिक्षकांना कळव. वेगळी खोली नसेल तर निदान अंथरूण वेगळं, खिडकी उघडी. ताट, तांब्या, टॉवेल त्याचे त्यालाच. रांजणात कुणीही तोंडाचा पेला बुडवायचा नाही, ओगराळं ठेवा. भांडी साबणानं घासली की पुरे, कपडे जाळायची गरज नाही (हे मी खेड्यात पाहिलंय, म्हणून सांगते). जो त्याचं नाक-तोंड पुसेल त्यानं हात धुवायचे.

जुना_जाणता:
एवढा बाऊ कशाला? आमच्या वेळी गेरूचा लेप लावायचे, गळ्याला फडकं बांधायचे, आठ दिवसांत पोरगं खेळायला जायचं.

निवृत्त_सिस्टर:
काका, लेप न लावताही बहुतेक पोरं आठ-दहा दिवसांत बरी होतात, ते श्रेय गेरूचं नाही. लावायचा तर लावा, पण त्यानं पसरणं थांबत नाही. विषाणूवर औषध नाही, फक्त आराम द्यायचा. ताप-दुखण्याला डॉक्टर सांगतील त्या मापात पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. पेज, मुगाचं वरण द्या. लोणचं, चिंच, आंबील बंद, आंबटानं लाळ सुटते आणि कळ येते. मान ताठली, डोकं फार दुखलं, उलट्या किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, ऐकू कमी आलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

टोचून_घ्या:
लशीचं मी सांगतो, कारण आमच्याही घरी हाच गोंधळ झाला. सरकारी कार्यक्रमात 9 महिन्यांनंतर आणि दीड वर्षाच्या आसपास मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालफुगीची लस त्यात नाहीच. ती एमएमआरमध्ये, म्हणजे गोवर, गालफुगी आणि रुबेलाच्या एकत्र लशीत असते आणि ती खाजगीत घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं अशी सुचवते. दोन डोसांनीही शंभर टक्के नाही, 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. कार्डावरचे शिक्के खरेच आहेत ताई, फक्त ते या आजाराचे नाहीत.

औसेकर_सून:
मग दिरांना आत्ताच टोचली तर?

निवृत्त_सिस्टर:
लागण होऊन गेली असेल तर आता टोचून ती थांबत नाही. नसेल झाली तर पुढच्यासाठी उपयोग आहे, डॉक्टर ठरवतील. जाऊबाईंना मात्र ही लस गरोदरपणात चालत नाही. त्यांनी मुलापासून लांब राहावं आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवावं.

मूल न होण्याचं शेजाऱ्यांनी फुगवून सांगितलंय. वयात आलेल्या पुरुषांना गालफुगी झाली, तर चारातल्या एखाद्याचं वृषण सुजतं, साधारण आठवड्याभरात, बहुधा एकाच बाजूचं. फार दुखतं, ताप येतो. पण त्यामुळे वंध्यत्व येणं क्वचित. दिराला लाजू नको म्हणावं, तसं वाटलं तर लगेच दाखवायचं. लहानपणी झाली होती का तेवढं विचारा. एकदा झालेल्याला सहसा पुन्हा होत नाही.

औसेकर_सून:
अपडेट, 18 तारीख. डॉक्टरांनी गालफुगीच सांगितली होती. मुलाची सूज उतरली, परवापासून शाळेत जातोय. जाऊबाई 6 तारखेलाच माहेरी गेल्या, त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. दीर शेतातल्या आखाड्यावर झोपतात, थंडीनं वैतागलेत. मुलीकडच्यांना सांगितलं, ते म्हणाले 21 च्या सकाळी फोन करा, मांडव आमच्याच दारात आहे, चार दिवस इकडं-तिकडं करता येईल.

लहानपणी झाली होती का, यावर सासूबाई आणि मामंजींचं अजून जुळलेलं नाही. त्या म्हणतात चौथीत दोन्ही गाल सुजले होते, मामंजी म्हणतात ती दाढ होती. दाढेनं दोन्ही गाल कसे सुजतील, असं मी विचारलं तर दोघंही गप्प.

आजपर्यंत घरात दुसऱ्या कुणाला सूज नाही. सासूबाई रोज सकाळी चहाआधी एकेकाच्या कानाखाली हात लावून बघतात, नंतर साबणानं हात धुतात आणि मगच चूल पेटवतात.