दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा चित्रपट ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ (१९६२): तालमीआधी कसा दाखवावा?

मिऱ्याबंदर: रत्नागिरीत हौशी मंडळींसाठी अमेरिकी नाटककार युजीन ओनीलच्या या नाटकाचं मराठी रूप बसवायचं आहे. आधी सगळ्यांना चित्रपट दाखवायचा विचार आहे. १७४ मिनिटं सलग दाखवावा का? त्यातून रंगमंचासाठी काय घ्यावं? घर कोकणात आणलं तर चालेल का?

तिसरी घंटा: आधी प्रत तपासा. कापलेली, बरीच आखूड प्रतही आहे, ती नको. मध्यंतर दुसऱ्या अंकाच्या शेवटी घ्या. दुपारच्या जेवणानंतर बाप आणि मुलगे गावात निघतात आणि आई मेरी एकटी उरते, तिथेच. चौथा अंक अजिबात तोडू नका.

ल्युमेटने नाटकाचीच संहिता वापरली. सकाळ अंगणात, मग बहुतेक सगळं घरात. मेरी झालेल्या कॅथरीन हेपबर्नचे हात मुद्दाम बघायला सांगा. मेरीला संधिवाताने बिघडलेल्या बोटांच्या सांध्यांची लाज वाटते, ती हात लपवते आणि केस चाचपते. क्लोजअपमध्ये बोट हललं तरी दिसतं. तुमच्या शेवटच्या रांगेला दिसायला हालचाल कोपरापासून हवी.

विंगेतून: सामानाचं सांगतो. चौथ्या अंकात बाप, म्हणजे टायरोन, टेबलावर चढून झुंबरातले दिवे फिरवून लावतो, नंतर विझवतो. नटाच्या हाती जिवंत वायर नको. तिन्ही दिवे वेगवेगळ्या डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) घ्या. नटाने दिवा तळहाताने झाकून फिरवायचा, ऑपरेटरने त्याच्या कोपराकडे बघून दिवा लावायचा. स्वस्त एलईडी डिमरवर लुकलुकतात. २५ वॉटचे तारेचे दिवे लावा.

व्हिस्की म्हणजे कोरा चहा. मुलगे चोरून पितात आणि पाणी घालून बाटलीतली पातळी सारखी करतात, म्हणून पाण्याचा जग हाताशी हवा. चहा सुरुवातीला गडद असला तरच फिका झालेला कळेल.

पाचवी माळ: शेवट चित्रपटासारखा करायला जाऊ नका. तिथे कॅमेरा मागे मागे जातो, भिंती काळोखात विरतात, मग चेहरे जवळून दिसतात. प्रेक्षक खुर्चीतून उठून जवळ येणार नाही. भिंतींवरचा प्रकाश इतका सावकाश उतरवा की कमी होतोय हे कळू नये. टेबलावरचा दिवा राहू द्या. लग्नाचा पोशाख घेऊन आलेल्या मेरीवर स्पॉट टाकलात की ती त्या तिघांपासून तुटते.

घर कोकणात आणणं मला पटत नाही. नाटक ऑगस्ट १९१२ मधलं, कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचं. आपल्याकडे श्रावणात संध्याकाळी समुद्रावरून पाऊस येतो, धुकं नाही. धुक्याच्या जागी नुसता पाऊस घालून भागत नाही, कारण पत्र्यावरचा पाऊस संवाद खाऊन टाकतो. शिवाय मेरीला धुकं हवंसं वाटतं, त्यात जग दिसेनासं होतं. नकोसा वाटतो तो धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा, कारण तो तिला परत बोलावतो. भोंग्याचा स्पीकर प्रेक्षागृहात लावू नका, मागच्या पडद्याआड, तोंड भिंतीकडे करून ठेवा. आणि तो वाक्याच्या मध्ये वाजू द्या. प्रत्येक वेळी शांततेत वाजला तर नुसतं पार्श्वसंगीत होतं.