तळ्याकाठचा तीव्र उतार: एकच उंच भिंत की टप्पे?

प्रश्न

प्लॉट तळ्याला लागून आहे. काठ १८ मीटर लांब. वरच्या सपाट जागेपासून पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीपर्यंत ५ मीटर उतार, तोही ९ मीटर अंतरात. तळ्याची पातळी वर्षभरात ८० सेंमी वर-खाली होते. लाटांनी पायथा पोखरलाय, पावसात वरची माती ओघळते. माती मुरमाड आहे. ठेकेदार म्हणतो, पाण्यालगत साडेतीन मीटरची दगडी भिंत बांधू आणि मागे भराव टाकून सपाट करू. टिकेल का?

प्रतिसाद १

नका बांधू. मातीचा एकूण आडवा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मागची जमीन सपाट आणि मुरूम कोरडा धरला तरी साडेतीन मीटरच्या भिंतीवर दर मीटर लांबीला साधारण ३.६ टन आडवा जोर येतो. मागे पाणी तुंबून भराव पूर्ण भिजला की तोच जोर ८ टनांच्या आसपास जातो. १.२ मीटरच्या भिंतीवर कोरड्यात अर्धा टनसुद्धा येत नाही. बहुतेक भिंती मातीने नाही, मागे अडकलेल्या पाण्याने पडतात.

तुमच्या मापात टप्पे असे बसवता येतील: खालचे दीड मीटर दगडी पिचिंग (उतारावर दगडांचा जाड थर), त्यावर १.२ मीटरच्या दोन भिंती, उरलेले १.१ मीटर मधल्या सौम्य उतारांत. दोन भिंतींमध्ये किमान २.४ मीटर अंतर हवं, म्हणजे खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट. अंतर कमी पडलं तर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर येतं आणि दोन्ही मिळून एका उंच भिंतीसारख्याच वागतात.

कडेजवळ अर्धवर्तुळाकार भेगा दिसत असतील किंवा झाडं तळ्याकडे कलली असतील तर सगळं थांबवा. तिथे घसरण खोलवर असते, ती उथळ भिंतींच्या खालून निघून जाते. आधी भू-तांत्रिक अभियंत्याकडून बोअर घेऊन तपासणी करा.

प्रतिसाद २

पायथ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण काम फसतं ते तिथेच. उभी भिंत लाट परतवते आणि परतणारी लाट भिंतीच्या बुडाखालची माती खाते. उतरतं पिचिंग लाटेचा जोर दगडांच्या फटींत जिरवतं.

उतार १:१.५, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं, त्याहून उभा नाही. पाणी सर्वांत खाली असताना काठाशी ६० सेंमी खोल, ९० सेंमी रुंद चर खणा. चरापासून वरपर्यंत न विणलेलं जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, त्यावर १० ते १५ सेंमी खडी, मग ३० सेंमीच्या आसपासचे टोकदार दगड ६० सेंमी जाडीत. गोल गोटे नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत. दगड उंचावरून टाकले की कापड फाटतं आणि त्या भोकातून मागची माती लाटेगणिक बाहेर येते. वरून काही दिसत नाही, मग एक दिवस पिचिंग खचतं. चर धरून सुमारे ४० घनमीटर दगड लागेल.

पूर्ण १८ मीटर एकदम खणू नका. तीन-तीन मीटरचे तुकडे, एक सोडून एक. दोन्ही टोकं काठात आत वळवून घ्या, नाहीतर पाणी बाजूने मागे शिरतं.

प्रतिसाद ३

दोन्ही भिंतींना गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्या चांगल्या, पाणी आपोआप निघतं. खाली एक मीटर उंच पेटी, वर अर्ध्या मीटरची, दोन्ही एक मीटर रुंद. ३० सेंमी जमिनीत गाडायची आणि भिंत मागे ६ अंश कलती ठेवायची. दगड १० ते २० सेंमीचे. दर ३३ सेंमी थराला समोरची आणि मागची जाळी आडव्या तारांनी बांधा. इथे कंटाळा केला की पेटीचं पोट फुगतं. मागे जिओटेक्स्टाईल, भराव १५ सेंमीच्या थरांत ठोकून. काळी माती भरावात अजिबात नको, ती भिजली की फुगते.

सिमेंटची भिंतच करायची असेल तर मागे ३० सेंमी खडीचा पट्टा आणि तळाशी छिद्रांचा पाइप हवाच. तळ्याची पातळी झपाट्याने उतरते तेव्हा भरावातलं पाणी मागेच राहतं आणि समोरचा आधार गेलेला असतो. भिंतीला सर्वांत मोठा धोका त्याच वेळी.

आणि या सगळ्याच्या आधी वरचं पाणी वळवा. कडेपासून दीड मीटर मागे १ टक्का ढाळाची, तळ पक्का केलेली चारी काढा. छपराचं पाणी बंद पाइपने थेट पिचिंगवर सोडा. शोषखड्डा उतारावर असेल तर हलवा. खणलेली माती कडेवर रचू नका.

प्रश्नकर्ता

मधल्या उतारांवर नुसता वाळा लावला तर?

प्रतिसाद ३

हो, तिथे वाळाच. समपातळीत ओळी, रोपं १० ते १५ सेंमीवर, म्हणजे १८ मीटरच्या ओळीला १२० ते १८०. रोपात फट राहिली की पाणी तिथूनच ओघळ पाडतं. दाट सावलीत वाळा मरगळतो. मुळं धरेपर्यंत काथ्याची जाळी लागेल: वरची कड १५ बाय ३० सेंमीच्या चरात पुरा, वरच्या पट्टीचा काठ खालच्या पट्टीवर १५ सेंमी चढवा आणि दर चौरस मीटरला किमान तीन खुंट्या ठोका. जाळी मातीला चिकटलेली हवी, ताणलेली नको. ताणली की तिच्याखालून माती वाहते.

प्रतिसाद १

पिचिंगची जागा बहुधा पूररेषेच्या आत येईल. तिथे काम करायला तळ्याच्या मालक यंत्रणेची लेखी परवानगी लागते का, हे चर खणण्याआधी बघा. १.२ मीटरच्या भिंतींनाही मागे उतार असल्यामुळे अभियंत्याचं डिझाइन घ्या.