प्रार्थना-मंडळाची धुरा दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी?

प्रश्नकर्ता, छत्रपती संभाजीनगर

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू (यहुदी) समाजातला आहे. नोकरीनिमित्त वाळूज, चिकलठाणा आणि जालन्यात स्थिरावलेल्या आमच्या मोजक्या कुटुंबांचे एक घरगुती प्रार्थना-मंडळ असून गेली १४ वर्षे त्याचा मुकादम (प्रमुख) या नात्याने मी सेवा करतो आहे. मोठ्या सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनामंदिरात) प्रार्थना चालवायला हज्जान, हिशेबाला गब्बाय आणि इतर व्यवस्थेला शमाश असतो. आमच्याकडे ही सगळी कामे एकेक करून माझ्याच अंगावर आली. शुक्रवारी सूर्यास्ताची वेळ पाहून (उन्हाळ्यात ती सातपर्यंत लांबते, डिसेंबरात सहाच्या आतच होते) सर्वांना फोन करणे, किद्दुशच्या (शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, स्वागताच्या आशीर्वादाच्या) सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालणे, मलिद्याच्या (गोड पोह्यांच्या प्रसादाच्या) पोह्यांपासून नारळापर्यंतची सोय पाहणे, आणि मिनियानला (सामूहिक प्रार्थनेच्या किमान गणसंख्येला) लागणारे दहा प्रौढ पुरुष जमतील की नाही याची आठवडाभर काळजी वाहणे, असा हा क्रम आहे. एकदा आईच्या वर्षदिनी कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायला आलेला मुलगा दहावा माणूस न मिळाल्यामुळे तसाच परत गेला. ती संध्याकाळ अजून माझ्या मनातून जात नाही.

आता माझे वय ६३ आहे. गुडघे दुखतात, पण मला खरी खंत वेगळीच आहे. तोंडाने प्रार्थना चालू असते आणि माझे लक्ष दाराकडे लागलेले असते. येत्या नव्याच्या सणानंतर (आमच्या नववर्षानंतर) बाजूला व्हावे, असे मी ठरवत आहे. तिशीतला एक तरुण जबाबदारी घ्यायला तयार आहे, परंतु हिब्रू वाचताना तो अडखळतो. मी बाजूला झालो आणि मंडळ विस्कटले, तर तो दोष माझा ठरेल का? आणि सोडायचे तर ते कसे सोडावे?

पहिले उत्तर, पुणे

काका, शालोम. मी इथल्या एका सिनेगॉगच्या समितीवर काही वर्षे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तोरा या आपल्या धर्मग्रंथातील गणना या भागाच्या आठव्या अध्यायात लेवींसाठी, म्हणजे दर्शनमंडपात (उपासनेच्या तंबूत) सेवा करणाऱ्या कुळासाठी, असा नियम आहे की त्यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी सेवेच्या कामातून निवृत्त व्हावे, मात्र त्यानंतरही दर्शनमंडपात आपल्या बांधवांना साहाय्य करत राखण करावी. म्हणजे थांबण्याची वेळ तोरानेच घालून दिलेली आहे आणि थांबलेल्या माणसाला मंडपाबाहेर जायला सांगितलेले नाही. आपण मुकादमपद सोडाल, पण दहांपैकी एक म्हणून आपली जागा कायम राहील, हे सर्वांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आपल्यासारख्या लहान मंडळात मुकादम रुसून घरी बसला, तर पद आणि दहावा माणूस दोन्ही एकदम जातात.

अडखळत्या हिब्रूची चिंता मला फारशी वाटत नाही. आपले पूर्वज कोकणात तेल गाळत होते, तेव्हा त्यांच्याजवळ रब्बी नव्हते. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि शेमा ही एकेश्वराची प्रार्थना यांवर त्यांनी धर्म टिकवला. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभारले; ते सैन्यातले अधिकारी होते, धर्मगुरू नव्हते. मराठी भाषांतरासह हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) १८४६ मध्येच मुंबईत छापला गेला, कारण हिब्रू न कळणारी माणसेही आपलीच आहेत याची जाणीव तेव्हाच्या लोकांना होती. त्या तरुणाला आतापासून दर शुक्रवारी एकच प्रार्थना म्हणू द्या आणि तो चुकला तर सर्वांसमोर दुरुस्त करू नका.

मात्र आपण एकट्याने उचललेले सारे ओझे त्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नका. लोकांचे तंटे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने ऐकत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हेच बजावले होते. फोन एका घराकडे, सरबत दुसऱ्या घराकडे आणि हिशेब तिसऱ्याकडे द्यावा.

दुसरे उत्तर, धर्मादाय संस्थांचे काम पाहणारा, जालना

आपले मंडळ घरगुती आहे, त्यामुळे बँक खात्यावरील सह्या बदलून घेतल्या आणि वह्या सर्वांसमक्ष सोपवल्या तरी पुरेसे आहे. विश्वस्त संस्था नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांतील बदलाचा अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो.

तिसरे उत्तर, अंबाजोगाई

मी आपल्या धर्माचा नाही, वारकरी आहे. परंतु प्रश्न वाचून राहवले नाही. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की पुढचा माणूस समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या गळ्यात वीणा गेल्यावरच आधीच्याचा हात सुटतो. नंतर आधीचा विणेकरी टाळ घेऊन रांगेत उभा राहतो.

मी स्वतः सप्ताहाचे व्यवस्थापन सोडले, तेव्हा मला हे साधले नाही. पद दिले, पण वर्गणीची वही आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली दोन वर्षे माझ्याच घरी राहिली. लोक प्रत्येक गोष्ट मला विचारत आणि मीही उत्तर देत असे. नवीन माणूस कंटाळून निघून गेला. त्याची मी नंतर माफी मागितली, पण तो परत आला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, किल्ली त्याच दिवशी द्या, आणि कोणी विचारायला आले तर त्याला त्या तरुणाच्या घरी पाठवा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. काल त्या तरुणाला घरी बोलावून हिशेबाची वही आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी त्याच्या हाती दिली. मनुका भिजवण्याचे काम जालन्याच्या एका भगिनींनी आपणहून मागून घेतले. या शुक्रवारी किद्दुश तोच म्हणेल आणि मी मागच्या ओळीत बसेन. नव्याच्या सणाला शोफार (मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य) फुंकण्याचे काम मात्र आणखी एक वर्ष माझ्याकडे राहील, कारण त्याला अजून तो सूर लागत नाही; रविवारी सकाळी आम्ही दोघे त्याचा सराव सुरू करत आहोत.