मुंबईत वय आडवं आलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

पावणेनऊची_फास्ट (वय ४९, मुलुंड)

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा काढतेय.

पहिली. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. माझा या कामाचा चोवीस वर्षांचा अनुभव आहे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आधीच्या कंपनीची सगळी खाती नव्या पद्धतीत मीच बसवली होती, रात्री दहा-दहापर्यंत थांबून. समोरचा मुलगा तिशीतला, बोलायला चांगला होता. त्याने बायोडाटा हातात घेतला, थेट शेवटच्या पानावर गेला आणि माझ्या पदवीच्या वर्षावर पेनाचं टोक टेकवलं. १९९८. पुढची पंधरा मिनिटं ते टोक तिथून हललं नाही. "मॅडम, टीम खूप यंग आहे. तुम्हाला जमेल त्यांच्यात?" कामाचा एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी खूप काही सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर एक मुलगी डोळे मिटून बसलेली, कानात हेडफोन. मी मुलाखतीचा राग मनात घेऊन उभी होते. शेजारणीला ऐकवत म्हटलं, "आजकालच्या मुलींना कुणाचं काही पडलेलंच नसतं." तिला ऐकू गेलं. उठली आणि म्हणाली, "काकू, नाईट करून घरी चाललेय. बसा तुम्ही." आणि दाराजवळच्या दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपली. मी बसले. तिला परत बोलावलं नाही. मुलाखतीपेक्षा हेच मला जास्त लागलंय.

तर लिहा. तुम्हाला वयावरून कुणी काय बोललं, तुम्ही कुणाला बोललात, दोन्ही लिहा. माणसांची आणि संस्थांची नावं नकोत.

कंबरपट्टा (वय २४, डोंबिवली)

ताई, तुमच्या दुसऱ्या गोष्टीतली मुलगी मी रोज असतो. मणक्याची गादी सरकली आहे. शर्टाच्या आत पट्टा असतो, तो कुणाला दिसत नाही. एका काकांनी भर गर्दीत विचारलं, "लाज वाटत नाही का, तरणाबांड पोरगा बसून राहतोस?" शर्ट वर करून दाखवावा लागला. काका काही बोलले नाहीत, दिव्याला उतरून गेले. तेव्हापासून डॉक्टरांचा कागद पाकिटात ठेवतो.

वसाहत_बी (वय ३१, वांद्रे पूर्व)

आम्ही सरकारी वसाहतीत राहतो. बाबा राज्य सरकारच्या नोकरीत, वय ५७. मी एमपीएससी करतोय. आमच्या घरात दोन वर्षं एकाच विषयावरून धुसफूस चालू आहे : निवृत्तीचं वय.

राज्यात ते ५८ आहे, केंद्रात ६०. राज्यातही ६० करा ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे आणि बाबा संघटनेत पुढे असतात. मी पलीकडच्या बाजूला. जागा निघायची वाट बघत अभ्यासिकेत बसणाऱ्यांमध्ये. करोनात परीक्षा पुढे पुढे जात राहिल्या. खुल्या वर्गाला ३८ ची मर्यादा आहे, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक मित्र तिच्यापलीकडे गेला तो दिवस मी पाहिलाय. त्याने पुस्तकं बांधून माझ्याकडे दिली आणि चहा न पिता गेला.

त्याच रात्री जेवताना मी बाबांना म्हणालो, "तुम्ही लोक खुर्ची सोडत नाही म्हणून आम्ही बाहेर." बाबांनी भात कालवला होता. तो तसाच ठेवून ते उठले आणि हात धुतले. नंतर आई म्हणाली, "खुर्चीचं काय घेऊन बसलास? ते निवृत्त झाले की क्वार्टर सोडावं लागेल. टिटवाळ्याच्या जागेचा ताबा अजून नाही. ते दोन वर्षं मागतात ती या छपरासाठी." मी ज्या टेबलावर अभ्यास करतो ते त्याच छपराखाली आहे, हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं.

आणखी एक सांगायचंय. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला, आठवडाभर चालला. बाबा रोज उन्हात जाऊन येत होते. मी धरून चाललो होतो की हे स्वतःची पेन्शन वाढवून घ्यायला बसलेत. पण बाबा १९९१ ला लागले. जुनी पेन्शन नाही ती १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना. म्हणजे त्यांना ती मिळणारच होती. ते बसले होते नंतर आलेल्यांसाठी. उद्या मी लागलो तर माझ्यासाठी. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या ऑफिसातल्या ३४ वर्षांच्या सहकाऱ्याने सांगितलं.

६० ला माझा आजही विरोध आहे आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला आहे. पण त्या रात्रीच्या वाक्याची माफी अजून मागता आलेली नाही.

ओटी_सिस्टर (वय २६, मूळ चिपळूण)

मी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. दादरला खोली बघितली, मालकाला पसंत, मला पसंत, डिपॉझिटची रक्कमही जमवली होती. मग सोसायटीचे सेक्रेटरी भेटले, सत्तरीचे. "आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत, तसा ठरावच आहे. तुमच्या वयाच्या मुली रात्री-अपरात्री येतात, आमच्याकडे सगळी म्हातारी माणसं आहेत." मला म्हणायचं होतं, काका, मी रात्री-अपरात्री येते कारण तुमच्या वयाची माणसं रात्रीची आजारी पडतात. बोलले नाही. जिना उतरताना मनात बोलले. त्या वर्षात चार इमारतींमध्ये हेच ऐकलं. आता आम्ही तिघी जणी मिळून घणसोलीला राहतो, आणि नाईट संपल्यावर घरी पोचायला मला सव्वा तास लागतो.

पावणेनऊची_फास्ट

सिस्टर, तुमचं वाचून मी फोन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. गाडीत माझ्यासाठी उठलेली ती मुलगी कदाचित अशाच कुठल्या तरी खोलीकडे निघाली असेल.

बदलीवाला (वय ७१, काळाचौकी)

मी सांगतोय, नातू टाईप करतोय.

१९७८ ला गावाहून लालबागला आलो. आमच्या गावच्या गाळ्यात वीस-बावीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं. गिरणीत बदली म्हणून लागलो. आताच्या पोरांना बदली म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून सांगतो. रोज सकाळी पाळी भरायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी आपल्याला काम. नाही केला तर आल्या पावली परत.

साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, एक म्हातारे होते. त्यांना खोकला होता. ते आले नाहीत की माझे दोन-चार दिवस भरायचे. मी सकाळी गेटवर उभा राहून त्यांची वाट बघायचो, आणि ते लांबून येताना दिसले की माझ्या पोटात खड्डा पडायचा. या म्हाताऱ्याचं दुखणं वाढू दे, असं माझ्या मनात आलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप. अडीच लाख माणूस बाहेर. नंतर कायमवाल्यांनाच परत घेताना खळखळ, तिथे बदलीवाल्याला कोण विचारतो? पुढच्या वर्षी तेच म्हातारे भारतमाता टॉकीजपाशी भेटले. त्यांनाही घेतलं नव्हतं. मला म्हणाले, "तू माझ्या साच्यावर चांगलं काम करायचास, मला जॉबर, आपला मुकादम, सांगायचा." त्यांनीच ओळखीने मला वॉचमनच्या कामाला लावलं. मी त्यांच्या पाया पडलो. का पडलो ते त्यांना कळलं नसेल.

तीस वर्षं वॉचमनकी केली. साठी उलटली तसं एजन्सीवाला म्हणाला, "बाबा, सोसायटीवाले तरुण माणूस मागतात." माझ्या जागी बावीस वर्षांचा पोरगा आला, बीए झालेला. पहिल्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "काका, मी तुमची जागा घेतली असं मनात आणू नका." मी त्याला पाण्याच्या पंपाची वेळ दाखवली, कुठल्या लिफ्टचं दार अडकतं ते दाखवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गॅसचा सिलिंडर आत नेऊन द्यावा लागतो ते सांगितलं. काठी त्याच्या हातात दिली आणि निघालो.

गिरणीचं तिकीट आणि पगाराच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. म्हाडाच्या घराचा अर्ज भरलाय. सून म्हणते, हा पसारा काढा, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तिचं खोटं नाही. एकशे साठ फुटांत पाच माणसं आहेत. पण पेटी मी काढणार नाही.

पुराव्यासह (वय ३६, वकिली, वांद्रे)

आधी धागाकर्तीसाठी. तुमच्या मुलाखतीबद्दल दाद कुठे मागायची, असं मला पुष्कळजण विचारतात. घटनेच्या १५ आणि १६ व्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द आहेत. वय नाही. आणि खासगी नोकरीत वयावरून नाकारलं म्हणून दाद मागायला आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मला हे फार चुकीचं वाटतं आणि मी ते जमेल तिथे बोलते.

ज्येष्ठांसाठी मात्र २००७ चा पालनपोषणाचा कायदा आहे. साठ पूर्ण झालेल्यांना उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, निर्वाहासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. कलम २३ सगळ्यात महत्त्वाचं : घर मुलाच्या नावावर करताना सांभाळण्याची अट घातली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या अंगाने वाचला. तरी माझं हात जोडून सांगणं आहे, अट कागदावर लिहून घ्या. "आमचा मुलगा तसा नाही" म्हणणारे आईवडील मी खूप पाहिले. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

आता माझा अनुभव. सुरुवातीच्या काळातली केस. आईचं घर साडेचारशे फुटांचं. मुलगा माझ्याच वयाचा, त्याचं दोन वर्षांचं बाळ, सून पुन्हा गरोदर. आईला स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालायला लावलं होतं. मुलगा सुनावणीनंतर जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगा, कुठे झोपवू? पस्तीस हजार पगारात मुंबईत दुसरं घर कुठून आणू?" मी उत्तर दिलं नाही, मी समोरच्या पक्षाची वकील होते. केस जिंकले. घर आईला परत मिळालं, मुलगा विरारला भाड्याने गेला. महिन्याभराने आईचा फोन आला. "वकीलबाई, नातू दिसत नाही हो."

ती केस आज आली तर मी परत लढेन आणि परत जिंकेन. पण अर्ज टाकायच्या आधी दोघांना एकदा समोरासमोर बसवेन. तेव्हा बसवलं नाही, हे माझं चुकलं.

गॅलरीतली_आजी (वय ७३, दादर)

सिस्टरने लिहिलेलं वाचलं. ती आमची इमारत नसेल, पण असू शकली असती. बॅचलर भाडेकरू नकोत असा ठराव आमच्याकडेही आहे आणि कमिटीत असताना मी त्यावर हात वर केला होता.

मिस्टर गेल्यापासून मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी पस्तीस वर्षं डबे दिले, रोज शंभर-सव्वाशे पोळ्या. बोटांच्या रेषा तव्यावर गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल. तिसऱ्यांदा काउंटरवरचा मुलगा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आजी, घरातलं कुणीतरी तरुण माणूस घेऊन या." मी म्हटलं, "घरात मीच आहे." त्याने पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन जिन्यात बसले. वरच्या मजल्यावर दोन मुली राहतात, मालकांच्या भाच्या म्हणून. त्यातली एक कामावर निघाली होती. विचारलं तिने, काय झालं. मग मला गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, आपल्या फोनवर ते हयातीच्या दाखल्याचं जीवन प्रमाण ॲप उघडलं. "आजी, पापण्या मिटा. आता उघडा." दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा झालं. माझा दाखला तिने मला मोठ्या अक्षरात करून दाखवला. तिची गाडी चुकली होती.

जाताना म्हणाली, "आजी, तुम्ही कमिटीत होतात ना? आम्ही भाच्या नाही आहोत त्यांच्या."

मला ते आधीपासून माहीत होतं. तिलाही माहीत असावं की मला माहीत आहे.

रविवारी सकाळी दहाला सभा आहे. तो ठराव मागे घ्यावा असा अर्ज मी माझ्या हाताने लिहून सेक्रेटरींकडे दिलाय. अनुमोदक अजून मिळालेला नाही.