मदत हवी आहे : कंदिलातल्या ओइवाचा चेहरा उजेडात विरघळतोय

नमस्कार मंडळी,

यंदा हॅलोविनसाठी डिजिटल चित्रात ओइवा हे जपानी भूत काढायला घेतलं आहे. 'रिंग' सिनेमातली, विहिरीतून निघून टीव्हीबाहेर सरपटणारी सादाको दर ऑक्टोबरला ढिगाने येते, म्हणून तिच्या वाटेला गेले नाही. (शिवाय केस तोंडावर ओढले की चेहरा काढायचं कामच उरत नाही, ही पळवाट मला नको होती.)

ओइवा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ती त्सुरुया नानबोकू चौथा याच्या 'तोकाइदो योत्सुया काइदान' या काबुकी (पारंपरिक जपानी रंगभूमी) नाटकातली. पहिला प्रयोग एदोत, म्हणजे आताच्या तोक्योत, १८२५ साली झाला. शेजारच्या घरातल्या नातीला ओइवाचा नवरा इएमोन हवा असतो, म्हणून त्या घरातून बाळंतीण ओइवाला औषध म्हणून विष येतं. चेहरा सुजून विद्रूप होतो, विंचरायला बसते तर फणीबरोबर केसांचे झुपकेच्या झुपके निघतात. मेल्यावर ती इएमोनची पाठ सोडत नाही. तिचं भूत जळत्या कंदिलातून बाहेर येतं, ही रंगमंचावरची करामत आजही गाजते. चित्रकार होकुसाईने १८३१च्या सुमारास तर तिचा कंदीलच करून टाकला: पोटावर तिचा चेहरा, आणि कागद फाटलाय तेच तोंड.

माझी कल्पना सोपी आहे. कोरलेल्या भोपळ्याच्या जागी हा कंदील, दारात टांगलेला. पण भोपळ्यात फक्त भोकं उजळतात, साल काळी राहते. कागदाचं उलटं, सगळंच उजळतं. आणि तिथेच गाडी अडली आहे.

क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरते. खाली कागदाचा लेयर, त्यावर चेहरा मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा मोड), सगळ्यात वर आतल्या ज्योतीसाठी कलर डॉज (खालचा रंग उजळवणारा). ज्योतीचा लेयर वर ठेवला की सुजलेल्या पापणीची सावली धुऊन निघते आणि बाई चक्क गोड दिसायला लागते. तो चेहऱ्याखाली नेला तर चेहरा कागदावर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो.

संदर्भासाठी घरच्या आकाशकंदिलात बल्ब लावून अंधारात फोटो काढले. कामट्या काळ्या रेघांसारख्या उठतात, बल्बाजवळचा कागद जवळपास पांढरा, कडेला केशरी. जिथे खळ लावून कागदावर कागद आलाय तिथे उजेड अडतो आणि गडद पट्टा दिसतो. त्यावरून सुचलं की सूज उंचवट्याने न दाखवता जाडीने दाखवावी: त्या डोळ्यावर कागद दुहेरी, ओलसर, म्हणून उजेड तिथे पोचतच नाही. करून बघितलं, पण लहान आकारात तो डोळा सुजलेला न वाटता नुसता काळवंडलेला वाटतो.

तर विचारायचं असं:

आतून उजेड असताना सूज कळण्यासाठी बाहेरून दुसरा, थंड उजेड (चांदण्याचा निळसर) द्यावा का? की त्याने ज्योतीचा जोर जाईल? कामट्यांच्या आडव्या रेघा डोळ्यापाशी खाली ओघळलेल्या काढल्या तर तेवढ्यावर काम भागेल का?

दुसरं, उजेडाचा उतार एअरब्रशने केला की सगळं प्लास्टिकचं दिसतं. जपानी लाकडी ठशांच्या छपाईत ओला ठोकळा पुसत रंग फिका करत नेतात, बोकाशी म्हणतात त्याला. तसा उतार देणारा दाणेदार ब्रश कुणी वापरलाय का? सेटिंग सांगितलंत तर उपकार होतील.

तोंडाच्या चिरेतून तिचा एक हात आणि पांढऱ्या किमोनोची कड बाहेर येते. मृताच्या किमोनोत उजवी बाजू डावीवर असते, जिवंतांच्या उलट. त्यामुळे 'चित्र आडवं फ्लिप करून बघ' असं सुचवणार असाल तर ते तपासण्यापुरतंच ठेवेन.

रक्त, दात, लाल डोळे नकोत. या नाटकाआधी कलाकार योत्सुयातल्या तिच्या देवळात पाया पडून येतात, तेव्हा तिचं बुजगावणं करायची माझी तयारी नाही.

"त्यापेक्षा आपली हडळ काढ" हा सल्ला घरून मिळून झालाय. तो सोडून काहीही चालेल.