रिम झिजली, हब मात्र ठणठणीत: नुसती रिम बदलू का?

चिखलवाट
माझी माउंटन बाइक जुनी आहे. २६ इंची चाकं, व्ही-ब्रेक. परवा मागचं चाक धुताना रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला, तर ब्रेकचं रबर घासतं तिथे चांगलाच खळगा हाताला लागला. पट्टी आडवी धरली की मधून उजेड दिसतो. झीज कळावी म्हणून कडेला बारीक खाच असायची, ती पार पुसली गेलीय. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मात्र आजही मऊसूत फिरतं, ते टाकून द्यायला जीव होत नाही. त्याच हबवर नवी रिम चढेल का? ३६ तारा आहेत. त्याही बदलाव्या लागतील का?

तारांचा नाद
दादा, आधी कळकळीने सांगतो, त्या चाकावर उतार उतरू नका. टायरमधली हवा रिमच्या दोन्ही भिंती सतत बाहेर ढकलत असते आणि ब्रेक त्याच भिंती खरवडत असतो. भिंत १ मि.मी.च्या खाली गेली की ती कधी फाटेल याचा नेम नाही. माझी फाटली ती हवा भरताना. सायकल उभीच होती म्हणून बरं. वीतभर कडा सालीसारखी बाहेर उलगडली होती. तेव्हापासून चिखलातून आलो की ब्रेकच्या रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढतो, मगच सायकल जागेवर ठेवतो. रिम खातात ते हेच कण.

हब चांगलं असेल तर नुसती रिमच बदला. भोकं ३६ हवीत. नुसतं '२६ इंच' म्हणून घेऊ नका, रिमवर ५५९ लिहिलेलं पाहा, तो टायर बसतो तिथला व्यास, मि.मी.मध्ये. ५९० चीही २६ इंचीच म्हणून मिळते, तिच्यावर तुमचा टायर बसणार नाही. डिस्क ब्रेकची रिम तर नकोच, तिला ब्रेक घासायला सपाट कडा नसते. तिसरं माप इआरडी, म्हणजे निपल (तार रिमला आवळून धरणारे छोटे नट) जिथे टेकतात तिथला व्यास. जुन्या-नव्या रिममध्ये तो दोन-तीन मि.मी.च्या आत जुळला तर जुन्या तारा चालतात. पण त्या हबपाशी वाकतात तिथे आधी तुटल्या असतील तर सगळ्याच नव्या घाला. निपल मात्र नवेच घ्या, पितळी.

नवी रिम जुनीला लागून धरा, व्हॉल्व्हची भोकं समोरासमोर आणा आणि चार-पाच ठिकाणी चिकटपट्टी लावा. सगळ्या तारा थोड्या थोड्या ढिल्या करत आणा, मग एकेक तार या रिममधून त्या रिममध्ये. तारांचं विणकाम आपोआप तसंच राहतं. एक मात्र आधीच बघा: रिमची भोकं आळीपाळीने डावी-उजवीकडे कललेली असतात. व्हॉल्व्हशेजारचं भोक दोन्ही रिमांत एकाच बाजूला कललेलं नसेल, तर नवी रिम एक भोक सरकवून धरा. पंपाला जागा कमी मिळेल, पण तारा वाकड्या खेचल्या जाणार नाहीत. मी पहिल्या खेपेला हे पाहिलं नव्हतं, दोन संध्याकाळी नुसता चाकाचा आउट (वाकडेपणा) काढत बसलो.

मागचा गिअर
वरच्या सगळ्याला दुजोरा. निपल गंजून बसले असतील तर आदल्या रात्री प्रत्येकावर तेलाचा थेंब सोडा. आणि व्हॉल्व्हचं भोक बघून घ्या: जाड व्हॉल्व्हला ८.५ मि.मी., बारीकला ६.५. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जात नाही.

चिखलवाट
मोजलं. रिमच्या कडेला आतून ओठ असतो, त्यामुळे जाडी मोजायचा कॅलिपर भिंतीला टेकेना. २ मि.मी.च्या तारेचा तुकडा आत धरून मोजलं आणि २ वजा केले. मागची भिंत ०.७ भरली. पुढची १.१. दोन्ही रिम मागवल्यात, ब्रेकची रबरंही. सायकल तोवर भिंतीला टेकवून ठेवलीय.